वाटीशेजारी हात ठेवा

नगरसारख्या गावात फोटोचा धंदा करणाऱ्याचं एकाच कामावर पोट भरत नाही. लग्नसराईत लग्नं, निवडणुकीत पुढारी, यात्रेत पालख्या, आणि मधल्या कोरड्या महिन्यांत येईल ते. माझ्याकडे त्या कोरड्या महिन्यांत भांडी यायला लागली. आधी एका भांडीवाल्याचं कॅटलॉग आलं, मग हॉटेलांची मेनूकार्डं, मग चहावाले, दूधवाले, मातीचे कप करणारे. धंदे वेगवेगळे, पण कॅमेऱ्यासमोर ठेवलेली वस्तू दर वेळी खोलगटच. कप, वाटी, पेला, द्रोण, पणती, माप. सावेडीतल्या माझ्या छोट्या स्टुडिओत माणसांपेक्षा वाट्यांनीच जास्त वेळ बैठक मारली असेल.

इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. फोटोत सगळ्यात सहज खोटं बोलता येतं ते आकाराबद्दल. रंग भडक केला तर लोक ओळखतात. चेहरा गुळगुळीत केला तर घरचेच हसतात. पण ‘केवढं?’ या प्रश्नावर फोटो गप्पच असतो. गुडघ्याएवढी कढई आणि अंगठ्याएवढी पळी, दोन्ही फ्रेमभर बसवा, सारखीच दिसतील. आणि भांड्याच्या बाबतीत ‘केवढं?’ हाच तर मुद्दा असतो. भांडं घेताना लोक पहिल्यांदा तेच विचारतात.

भांडीवाल्याच्या कॅटलॉगपासूनच सांगतो. नगर हे तसं भांड्यांचं जुनं गाव. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये इथल्या कारागिरीत लुगड्यांच्या विणकामाबरोबर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं नाव येतं. आता दुकानात पुढे स्टील असतं आणि पितळ ‘गिफ्ट आर्टिकल’ म्हणून वरच्या फळीवर. शेठने स्टीलच्या वाट्यांचा सेट पाठवला, लहानापासून मोठ्यापर्यंत. म्हणाला, “पांढऱ्या बॅकग्राउंडवर एकेक काढा, झटपट होईल.”

स्टीलची वाटी झटपट होत नाही. वाटीचं बाहेरचं अंग म्हणजे फुगीर आरसा. त्यात अख्खी खोली येते: खिडकी, पंखा, लाइटचे स्टँड, जमिनीवरच्या वायरी आणि मधोमध पोट पुढे काढून उभा असलेला मी. आतल्या अंगात तोच कारभार उलटा, डोकं खाली पाय वर. सॉफ्टबॉक्स लावला की वाटीवर पांढरा चौकोन चिकटतो, छत्री लावली की काड्यांसकट छत्री दिसते. उपाय जुनाच आहे. वाटीभोवती बटर पेपरचा तंबू करायचा, प्रकाश बाहेरून त्या कागदावर पाडायचा, आणि कागदाला लेन्सपुरतं भोक ठेवायचं. आता वाटीला सगळीकडे पांढरंच दिसतं. पण मग दुसरी पंचाईत होते. पांढऱ्यात पांढरी वाटी विरघळते, कडाच हरवते. म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या उभ्या करायच्या, चौकटीच्या अगदी बाहेर. त्या पट्ट्यांचं प्रतिबिंब वाटीच्या कडेवर बारीक काळ्या रेघेसारखं उतरतं आणि वाटी एकदम ठसठशीत उभी राहते. स्टीलचा फोटो चकाकीने येत नाही, त्या काळ्या रेघेने येतो. बोटांचे ठसे पडू नयेत म्हणून हातमोजे घालायचे, तरी एखादा ठसा राहतोच, आणि तो दिसतो ते फोटो मोठा करून बघितल्यावर.

कल्हई केलेलं पितळी भांडं मात्र गुणी. नवसागर टाकून तापल्या भांड्यावर कथील फिरवलेलं असतं, त्यामुळे आतला पृष्ठभाग चकचकीत नसतो, मऊ पांढरा असतो. प्रकाश त्यावर पसरतो, उड्या मारत नाही. नुसत्या खिडकीच्या उजेडात त्याचा सुंदर फोटो येतो.

तर सगळ्या वाट्या काढल्या, शेठला दाखवल्या. त्याने एकदा बघितलं, दोनदा बघितलं, आणि म्हणाला, “दादा, एकाच वाटीचे एवढे फोटो कशाला काढले?” लोणच्याची वाटी, आमटीची वाटी, बासुंदीची वाटी, सगळ्या सारख्याच दिसत होत्या. खाली मिलिलिटरमध्ये माप छापा, असं मी सुचवलं. तो म्हणाला, “गिऱ्हाईक वाचत नाही, बघतं.” खरं होतं त्याचं. शेवटी दुकानात भांडी पुसणाऱ्या मावशींना बोलावलं. त्यांनी वाटी हातात धरली. लोणच्याची वाटी तीन बोटांत मावली, आमटीच्या वाटीला सगळा पंजा लागला, बासुंदीच्या वाटीला दुसरा हात खाली आला. न सांगता समजलं. शेठला आधी नेलपॉलिश लावलेला एखादा नाजूक हात हवा होता. मी म्हटलं, ज्या हाताने वाटी घासली जाते त्याच हाताला तिचं वजन माहीत असतं. ते कॅटलॉग चाललं.

खाण्याचे फोटो काढायला लागलो तेव्हा हाच प्रश्न पुन्हा आला, आणि जरा कडवट होऊन आला. वाटीतल्या पदार्थाचा फोटो म्हणजे आधी कोनाचं भांडण. कॅमेरा वाटीच्या पातळीवर ठेवला तर वाटीच दिसते, आतली आमटी नाही. बरोबर डोक्यावरून घेतला तर तवंग, कोथिंबीर, सगळं दिसतं, पण खोली जाते, वाटी नुसतं वर्तुळ होते. म्हणून आपण जेवायला बसल्यावर ताट जसं दिसतं, त्या तिरक्या नजरेने घ्यायचं. काठाचं लंबवर्तुळ दिसतं, आतला रस्सा दिसतो, वाटीचं पोटही थोडं दिसतं.

रस्सेदार पदार्थांत फोडी तळाशी बसतात आणि वर नुसतं पाणी दिसतं. हुलग्याचे शेंगोळे घ्या. आमच्याकडे थंडीत घरोघर होतात, लसणाचा घमघमाट सुटतो, पण वाटीत वाढले की वळलेले शेंगोळे रश्शात बुडतात. त्यावर धंद्यातला एक उपाय आहे: मोठ्या वाटीत एक छोटी वाटी पालथी ठेवायची आणि तिच्यावर शेंगोळे रचायचे. वाटी काठोकाठ भरलेली दिसते, शेंगोळे वर डोकं काढतात, आणि प्रत्यक्षात आत निम्मी पोकळी असते. पदार्थ दिसावा म्हणून हे करणं एक वेळ समजू शकतं. पण हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने याच्या पुढची मागणी केली. फोटोसाठी म्हणून वेगळ्या मोठ्या वाट्या आणल्या, आणि गिऱ्हाइकाला वाढायच्या वाट्या त्याच्या निम्म्या. मी म्हटलं, फोटोतली वाटी आणि टेबलावरची वाटी एकच असू द्या. तो म्हणाला, “फोटोत कुठं माप कळतंय?” त्याच्या या एका वाक्यात आमच्या सगळ्या धंद्याची दुखरी नस आहे. ते काम मी सोडलं. दुसऱ्या कुणीतरी केलं, आणि बोर्ड अजून झळकतो आहे.

याच्या उलट पंगतीचा अनुभव. आमच्या जिल्ह्यात आणि गोदाकाठी हरिनाम सप्ताहांना आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात तर गावोगावच्या भाकरी ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरभरून येतात. मोठाल्या कढयांतली आमटी बादल्यांत भरून, धावत-पळत वाढली जाते. अशा पंगतीत फोटो काढताना मला नेहमी वाढणाऱ्यांपेक्षा खाली बसलेल्यांच्या हातांकडे बघायला आवडतं. वाटीची वाट कुणी बघत नाही. भाकरी कुस्करायची, काल्याच्या मधोमध बोटांनी आळं करायचं, आणि वाढप्यापुढे ताट सरकवायचं. ओगराळ्यातली आमटी बरोबर त्या आळ्यात पडते. जेवणाचीच वाटी, जेवणासकट संपणारी. आणि ती केवढी करायची हे ज्याच्या त्याच्या भुकेवर. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात पळसाच्या पानांचे द्रोण अजून टोचले जातात. द्रोण हातात घेतला की जड आमटीने तो किंचित पसरतो आणि तळहात आपोआप खालून आधाराला येतो. द्रोणाचा फोटो काढायला आला की मी आता कुणाच्या तरी तळहातावरच ठेवतो. जमिनीवर तो नुसता वाळका कचरा दिसतो.

चहाचं प्रकरण वेगळं लिहिण्यासारखं आहे. चहाचा फोटो म्हणजे वाफ. आणि वाफ दिसते ती फक्त मागून प्रकाश आला आणि पलीकडे काळोख असला तर. थंडीत सकाळी टपरीवर, सूर्य अजून तिरका असताना, ती फुकट मिळते. स्टुडिओत मात्र घाई करावी लागते. दोन-चार मिनिटांत चहावर साय धरते, साय सुरकुतते, आणि कप म्हातारा दिसायला लागतो. म्हणून प्रकाश लावताना एक कप ठेवायचा आणि खरा फोटो काढताना नवा ओतायचा. टपरीच्या काचेच्या ग्लासकडे कधी निरखून बघा. बूड जाड असतं, भिंती जाड असतात. समोरून भरलेला दिसतो आणि आत कटिंगच असतं. त्याला फसवणूक म्हणणार नाही, कारण पिणाऱ्याला ते माहीत असतं आणि त्याला हवंही तेवढंच असतं. पण फोटोत तोच ग्लास पूर्ण चहा म्हणून खपतो.

नगरमध्ये चहाच्या कपाचा विषय निघाला की मला भुईकोट किल्ला आठवतो. 9 ऑगस्ट 1942 ला मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पहाटे अटक झाली, आणि कार्यकारिणीतल्या नेहरू, पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव वगैरे मंडळींना इथे आणून ठेवलं. नेहरूंनी या किल्ल्यात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं हे नगरच्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आझादांनी याच किल्ल्यात आपले मित्र हबीबुर रहमान खान शेरवानी यांना उद्देशून उर्दूत पत्रं लिहिली हे मात्र कमी लोकांना माहीत असतं. ती पत्रं पुढे 1946 मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपात आली. त्यांत चहावर मनसोक्त लिहिलेलं आहे. मौलाना पहाटे तीन-चारला उठायचे, स्वतः चहा करायचे. चहा चिनी, मोगऱ्याच्या वासाचा, आणि त्यात दूध घालणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं. प्यायला रशियन बनावटीचे छोटे फिंजान, आपल्या नेहमीच्या कपापेक्षा पुष्कळ लहान. घाईने प्यायला गेलं तर दोन घोटांत संपतील एवढे. कप लहान ठेवायचा म्हणजे घोट सावकाश घ्यावा लागतो, हा त्यांचा हिशेब होता. आपल्या दूध-साखरवाल्या चहाच्या जिल्ह्यात, दगडी तटाच्या आत बसून एक माणूस बिनदुधाचा चहा चिमुकल्या कपातून पीत होता, ही गोष्ट मला फार आवडते. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. तिथे जाऊन मनाला येईल तसे फोटो काढता येत नाहीत. पण चहाचा फोटो काढताना कुणी “मोठा कप घ्या” म्हणालं की मी त्याला मौलानांचा फिंजान सांगतो.

दूध मात्र आमच्या जिल्ह्याचा खरा कारभार. राज्यात दुधाच्या बाबतीत नगर पुढे आहे, आणि तो पुढेपणा सकाळ-संध्याकाळ गावोगावच्या संकलन केंद्रावर दिसतो. एका दूध संस्थेच्या अहवालासाठी मी संगमनेर भागात फोटो काढत होतो. अध्यक्षांना चकचकीत टँकर आणि शीतकरणाची टाकी हवी होती. मला मात्र केंद्रावरच्या टेबलाने पकडून ठेवलं. शेतकरी कॅन घेऊन येतो. आतलं दूध ढवळतात, कारण फॅट वर येऊन बसलेलं असतं. मग लांब दांड्याच्या एवढ्याशा मापाने नमुना घेऊन छोट्या कपात ओततात. तो कप यंत्राच्या नळीखाली धरला की यंत्र दूध ओढून घेतं, आणि थोड्या वेळाने पडद्यावर फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), पाणी असे आकडे उमटतात. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ लागलं तर ठरलेला दर, खाली गेलं तर कपात. चिठ्ठी छापून येते. अख्ख्या कॅनचा भाव त्या घोटभर कपावर ठरतो. कप यंत्राखाली असतो तेव्हा शेतकरी पडद्याकडे बघत नाही, कपाकडे बघतो. मी तोच क्षण धरला: पुढे कप, मागे धूसर चेहरा. अध्यक्षांनी टँकरच छापला, पण अहवालाच्या आतल्या पानावर हा फोटोही घेतला.

1 जून 2017 ला याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याहून शेतकरी संपाची हाक राज्यभर गेली. रस्त्यावर ओतलेल्या दुधाचे फोटो तेव्हा देशभर फिरले. लोक म्हणाले, केवढं हे दूध वाया! ज्याने संकलन केंद्रावर तो घोटभर कप बघितलेला असतो, त्याच्या मनात आणखी एक प्रश्न येतो: लिटरला हाती केवढे पडत होते? तो आकडा ओतल्या दुधाच्या फोटोत मावत नाही.

मापाचा विषय निघालाच आहे. आमच्या आजीच्या कोठीच्या खोलीत लाकडी-लोखंडी मापांची उतरंड होती. दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अडिसरी आणि दोन अडिसऱ्या म्हणजे पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट, त्यामुळे लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही हिशेब चुकवता येत नसे. 1956 च्या कायद्याने मेट्रिक वजनंमापं आली आणि ही उतरंड हळूहळू अडगळीत गेली. पण आजीच्या मापात एक गोष्ट होती जी लिटर-किलोत नाही. बलुतेदाराला धान्य घालताना ती शीग लावून घाले, म्हणजे मापाच्या काठावर धान्याचा शंकू उभा राहीपर्यंत. घेणाऱ्याने सपाट करून घ्यायचं नाही आणि देणाऱ्याने शीग मोडायची नाही, हा रिवाज. अशा शिगेच्या मापाचा फोटो मी एका लोकसंस्कृतीच्या पुस्तकासाठी काढला. तिरक्या नजरेने शीग दिसतच नव्हती, धान्य सपाटच वाटत होतं. कॅमेरा अगदी काठाच्या रेषेवर आणला तेव्हा काठावरचा तो शंकू उमटला. वाटीतली आमटी जिथून दिसत नाही, तिथूनच मापाचा उदारपणा दिसतो.

नेवाशाकडच्या एका कुंभारआळीत मातीच्या चहाकपांचे फोटो काढायला गेलो होतो. हायवेवर कुल्हडवाला चहा आल्यापासून त्यांना पणत्यांखेरीज बारमाही काम मिळालंय. चाकावरून उतरलेला ओला कप मला उगाचच मोठा वाटला. कुंभारदादा म्हणाले, “भाऊ, आत्ता मोठाच पाहिजे. वाळताना आवळतो, भट्टीत आणखी आवळतो. कच्चा मोठा न केला तर पक्का चहाला पुरत नाही.” त्यांच्याकडे ना टेप ना पट्टी. काठाची रुंदी चार बोटांनी बघायची, उंची अंगठ्याच्या टोकापासून दुसऱ्या पेरापर्यंत. शंभरातला कुठलाही कप उचलला तरी सारखा. मी त्यांच्या बोटांचाच फोटो घेतला. कुल्हडांच्या पेटीवर तोच छापलाय.

शिर्डीत कामानिमित्त जाणं होतं. मंदिरात फोटोला मनाई, त्यामुळे माझं काम बाहेरच्या दुकानांचं. पण द्वारकामाईत, साईबाबांच्या मशिदीत, गेलो की मला मातीच्या भांड्याची आठवण होते. दाभोळकरांच्या ‘साईसच्चरिता’त वर्णन आहे: बाबा भिक्षेला जाताना पातळ पदार्थांसाठी टमरेल आणि कोरड्यासाठी झोळी नेत, आणि आणलेलं सगळं मशिदीतल्या कुंडीत एकत्र ओतत. तिच्यातून कुत्री-मांजरंही खात, झाडलोट करणारी बाईही नेई. त्या कुंडीला माप नव्हतं. शिर्डीत आज सोनेरी, चंदेरी वाट्या-पेल्यांचा बाजार आहे, आणि गोष्ट ज्याची सांगतात ते भांडं मातीचं होतं.

आता जरा हलकं. सहकाराचा जिल्हा म्हणजे निवडणुकांचा जिल्हा. 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून सोसायटी, कारखाना, बँक, दूध संघ अशी कुठली ना कुठली मतदानं चालूच, आणि आता त्यांचे फ्लेक्स बारा महिने लागलेले असतात. चिन्हांत कपबशीला भाव फार. छत्री, विमान, नारळ सगळं चालतं, पण कपबशी घराघरांत असते, आणि प्रचारात चहा पाजून झाला की चिन्ह वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एका पॅनलप्रमुखाचा फोटो काढायचा होता. पांढरा कडक खादीचा वेष, हातात कपबशी. कॅमेऱ्यात साहेबांच्या देहापुढे कपबशी खेळण्यातली दिसायला लागली. कार्यकर्ते म्हणाले, “कप मोठा करा.” मी कप लेन्सच्या जवळ आणायला लावला. “अजून मोठा.” अजून जवळ आणला. शेवटी फ्लेक्सवाल्याने संगणकावरच तो फुगवला. चौकात फ्लेक्स लागला तेव्हा कप साहेबांपेक्षा थोर दिसत होता, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. चिन्ह दिसलं म्हणजे झालं.

गावच्या क्रिकेट स्पर्धांतही हेच. श्रीरामपूरला जन्मलेल्या झहीर खानने 2011 च्या विश्वचषकात 21 बळी घेतले, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने स्पर्धेत सर्वाधिक. तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांना ‘कप’ या गोष्टीची ओढ जरा जास्तच. गंमत म्हणजे खऱ्या विश्वचषकाला खोलगटपणाच नाही. तीन चंदेरी खांबांवर सोनेरी गोळा, त्यातून कुणाला पाणीसुद्धा पिता येणार नाही. गावच्या स्पर्धेतला कप मात्र दोन कानांचा, झाकणाचा, पक्का कपासारखा कप. जिंकलेली पोरं तो लेन्सच्या नाकासमोर धरतात. वाइड अँगलमध्ये तो कप्तानाच्या डोक्यापेक्षा मोठा येतो, आणि तसाच त्यांना हवा असतो. इथे मी वाद घालत नाही. जिंकल्याचा आनंद मोजून दाखवायचा नसतो.

एक कप मात्र मोजण्यासाठीच असतो आणि तो कायम रिकामा असतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात एका शेतीविषयक पुस्तिकेसाठी हवामान मोजण्याच्या साधनांचे फोटो काढायचे होते. खांबावर आडव्या दांड्यांना लावलेले तीन अर्धगोल कप गरगर फिरत होते. वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र. आयर्लंडच्या रॉबिन्सनने 1846 मध्ये चार कपांचं केलं, पुढे तीन कपांचं रूढ झालं. कपाच्या पोकळ बाजूला वारा जास्त धरला जातो आणि फुगीर बाजूवरून निसटतो, एवढ्याशा फरकावर ते फिरतं. खाली पर्जन्यमापक. जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. आमच्या जिल्ह्यात घाटघर-रतनवाडीला हजारो मिलिमीटर पडतो आणि नगर-पाथर्डीकडे काहीशे मिलिमीटरवर वर्ष काढायचं असतं. दोन्हीकडे पर्जन्यमापकाचं भांडं एकाच आकाराचं. सारख्या भांड्याने मोजल्यावरच एकाला किती आणि दुसऱ्याला किती हे कळतं. तिथे फोटोला हात लागला नाही. काचेच्या नळीवरच रेघा होत्या.

हात किंवा रेघ, दोन्हींपैकी एक हवं, असं आता माझं सरळ म्हणणं आहे. रेघ नसेल तर हात. पेला, वाटी, पळी ही भांडी आपल्या ओंजळीच्या, पशाच्या, बोटांच्या मापाने घडत आली. कुंभार चार बोटांनी मोजतो आणि पंगतीतला माणूस बोटांनीच आळं करतो. त्या हाताशिवाय काढलेला वाटीचा फोटो देखणा असेल, पण खरा-खोटा ठरवता येत नाही. कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला रबराचा एक छोटा कप असतो, डोळ्याभोवती बसणारा, बाहेरचा उजेड अडवणारा. त्यातून बघताना भांडंच दिसतं, त्याच्या आजूबाजूचं जग दिसत नाही. फोटोग्राफरने निदान एक हात तरी त्या चौकटीत आत घ्यायला हवा.

हे फक्त धंदेवाल्या फोटोग्राफरसाठी नाही. तुमच्या घरात पोटमाळ्यावर मापटं, चिपटं, पितळी ओगराळं, कानतुटका कप, आजोबांचा पेला पडलेला असेल. दिवाळीच्या साफसफाईत ते मोडीत जायच्या आधी खिडकीच्या उजेडात ठेवा, मोबाइलने फोटो काढा. शेजारी घरातल्या कुणाचा तरी हात ठेवा. हात नको असेल तर दहा रुपयांचं नाणं ठेवा, ते 27 मिलिमीटरचं असतं. मग त्या भांड्यात पाणी भरा, मोजा, आणि किती मावलं ते फोटोच्या मागे किंवा खाली लिहून ठेवा. पुढच्या पिढीला भांडं मिळणार नाही कदाचित, पण ‘केवढं होतं?’ या प्रश्नाचं उत्तर तरी मिळेल.